आंब्याच्या सालीचा मुरघास: कॅनिंगच्या हंगामात गाईंसाठी भरून ठेवा

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात कॅनिंगचा, म्हणजे डबाबंद रसासाठीचा, आंबा सुरू झाला की कारखान्यांमागे सालींचे ढीग लागतात. गाई ही साल आवडीने खातात. पण तिच्यात साखर भरपूर आणि सुमारे 80 टक्के पाणी, त्यामुळे सकाळी आणलेली साल संध्याकाळपर्यंत आंबते. म्हणून साल आणली त्याच दिवशी मुरघास (हवाबंद मुरवून टिकवलेला चारा) भरायचा, उद्यावर ठेवायचं नाही.

साल निवडून घ्या. सोलणीच्या टेबलावरून थेट क्रेटमध्ये पडलेलीच उचला. फरशीवरच्या ढिगात हातमोजे, प्लॅस्टिक, साबणाचं पाणी काहीही असतं. कोयी तर एकूण एक वेचून काढा. आमची एक गाभण गाय कोय घशात अडकून मान ताणून, लाळ गाळत उभी होती. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचली. तेव्हापासून कोय वेचल्याशिवाय पाटी गोठ्यात येत नाही.

100 किलो सालीला भाताच्या पेंढ्याची 25 किलो कोरडी कुट्टी लागते. पेंढा रस पिऊन घेतो, नाहीतर तो तळाशी साचून सगळा माल नासतो. मिश्रण मुठीत घट्ट दाबून पाहा. बोटांतून रस गळला तर आणखी पेंढा घाला. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला, तळहात नुसता ओलसर राहिला, की जमलं.

झाकणाच्या ड्रममध्ये थर देत पायाने कसून तुडवा. वर जाड प्लॅस्टिक, त्यावर वजन, मग झाकण घट्ट. ड्रम सावलीत, पागोळ्यांपासून दूर ठेवा. 30 दिवस उघडू नका.

चांगल्या मुरघासाला आंबट-गोड वास येतो. बुरशी दिसली तर तो भाग आणि आजूबाजूचाही फेकून द्या, भाकड गाईलाही घालू नका. काही बुरशींचं विष खाद्यातून दुधात उतरतं, आणि ते दूध आपलीच पोरं पितात. रोज लागेल तेवढाच वरचा थर काढून ड्रम पुन्हा बंद करा.

सुरुवात दिवसाला 1 किलोने करा. दहा-बारा दिवसांत वाढवत न्या, पण 400 किलो वजनाच्या दुभत्या गाईला 8 किलोवर जाऊ नये असं माझं मत. धार काढून झाल्यावरच घाला, म्हणजे दुधाला वास लागत नाही. शेण पातळ झालं, रवंथ मंदावलं किंवा डेअरीत फॅट उतरलं तर लगेच निम्म्यावर या. गाय खायचीच थांबली तर मुरघास बंद करून डॉक्टरांना बोलवा.

खरी चूक होते ती पेंडीत. गाय पोटभर खातेय असं पाहून लोक सरकी पेंड कमी करतात. साल आणि पेंढा, दोन्हींत प्रथिनं अगदी थोडी. त्यामुळे पेंड, हिरवा चारा आणि खनिज मिश्रण नेहमीसारखंच चालू ठेवा. लहान वासरांना मात्र हा मुरघास घालू नका.