मेजर स्केल : आधी एकाच तारेवर

गिटारवर मेजर स्केल शिकवताना बहुतेकदा सहाही तारांवरचा ठिपक्यांचा नकाशा आधी हाती दिला जातो. तो पाठ होतो, बोटेही धावू लागतात, पण स्केल दुसऱ्या स्वरापासून बांधायला सांगितली की गाडी अडते. म्हणून पहिले काही दिवस एकाच तारेवर काढावेत, असे माझे मत आहे.

गिटारवर एका फ्रेटचे (मानेवरच्या धातूच्या दोन पट्ट्यांमधल्या घराचे) अंतर म्हणजे अर्धा स्वर, दोन फ्रेटचे अंतर म्हणजे पूर्ण स्वर, आणि बारा फ्रेट चढले की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. या बारांतून 2, 2, 1, 2, 2, 2, 1 अशा अंतरांनी स्वर निवडले की मेजर स्केल तयार होते. सर्वांत जाड तारेच्या लगतच्या ए तारेवर तिसरा फ्रेट दाबावा, हा सी. पुढे 5, 7, 8, 10, 12, 14 आणि 15 या फ्रेटांवर डी, ई, एफ, जी, ए, बी आणि वरचा सी मिळतो. (बऱ्याच अकूस्टिक गिटारांत 14व्या फ्रेटपाशीच खोका लागतो, त्यामुळे शेवटच्या सीला हात थोडा अवघडतो.) पेटीवर पांढरी एक धरून सा ते सां वाजवलेल्यांना हे स्वर नवे नाहीत, हा बिलावल थाटच आहे. ग-म आणि नि-सां या जोड्यांमध्ये एकही फ्रेट मोकळा सुटत नाही, हे तोंडाने सरगम म्हणत वाजवल्यास पक्के बसते.

आता हीच अंतरे जीपासून मोजावीत. ईपर्यंत सारे सरळ जाते. मात्र ईनंतर पूर्ण स्वर हवा असताना एफ अर्ध्याच स्वरावर येतो, म्हणून एक फ्रेट पुढचा एफ शार्प घ्यावा लागतो. त्याच जागेला जी फ्लॅट (जीच्या एक फ्रेट मागचा) असेही नाव आहे, पण स्केलमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच यावे असा संकेत असल्याने इथे ते चालत नाही.

एवढे समजल्यावरच सगळ्या तारांकडे वळावे. जाड ई तारेवर 3 आणि 5, ए तारेवर 2, 3, 5 आणि डी तारेवर 2, 4, 5 हे फ्रेट वाजवले की जी मेजरचे एक सप्तक पूर्ण होते. तर्जनी दुसऱ्या फ्रेटसाठी राखून पुढच्या प्रत्येक फ्रेटला एकेक बोट द्यावे, म्हणजे सुरुवात मधल्या बोटाने होते. यात न दाबता वाजवायची मोकळी तार कुठेच नसल्याने अख्खा हात दोन फ्रेट पुढे सरकवला की तीच आकृती ए मेजर होते.

दुसरे सप्तक जी तारेवरच्या 2, 4, 5 ने सुरू होते. तिच्या पुढची बी तार, इतर शेजारी तारांप्रमाणे पाच नव्हे, तर चारच अर्ध्या स्वरांवर लावलेली असते, म्हणून तिच्यावर 3 आणि 5, तर बारीक ई तारेवर 2 आणि 3 वाजवावेत.