साखरेवरच्या जुन्या जकातीचा हिशेब कसा मांडावा

जावाहून येणाऱ्या साखरेवर १९३२ साली हंड्रेडवेटला (११२ पौंडांना) रु. ९-१-० (रुपये-आणे-पै) जकात, म्हणजे आयात शुल्क, होती. १९३४ साली तेवढीच राहिली. १९३७ साली ती ९-४-० झाली. हे तीन आकडे ओळीने लिहून ‘सरकारने देशी साखर उद्योगाचं संरक्षण कायम ठेवलं आणि पुढे थोडं वाढवलं’ असा निष्कर्ष काढलेला अनेक प्रबंधांत आणि गावाच्या इतिहासांत सापडतो. प्रत्यक्षात या पाच वर्षांत संरक्षण दोनदा घटलं. हे कसं दिसतं आणि त्यातून दख्खनच्या कालव्यांवरच्या उसाचा हिशेब कसा काढायचा, ते इथे दिलं आहे. कागद, पेन्सिल आणि थोडा धीर एवढ्यावर काम होतं.

आधी मापं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून घाई करू नका.

एक रुपया म्हणजे १६ आणे, एक आणा म्हणजे १२ पै. म्हणजे ७-४-० हा आकडा ७.४० नव्हे, ७.२५ आहे. ९-१-० म्हणजे ९.०६. संगणकाच्या तक्त्यात भरताना ९.१ असं टाकलं की पुढचा सगळा हिशेब हळूच वाकडा होतो, आणि फरक लहान असल्यामुळे तो लक्षातही येत नाही. उत्तम उपाय म्हणजे सगळं आण्यांत फोडून घ्यायचं: ९-१-० म्हणजे १४५ आणे. शेवटी पुन्हा रुपयांत आणायचं.

जकातीचे दर हंड्रेडवेटवर आहेत. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, साधारण ५०.८ किलो. असे वीस मिळून एक टन, म्हणजे २२४० पौंडांचा जुना टन, आजचा हजार किलोंचा नव्हे. बाजारभाव मात्र मणावर असतात, आणि मण एक नाही. सरकारी आणि रेल्वेचा मण ८२ पूर्णांक २/७ पौंडांचा, ४० शेरांचा, शेर ८० तोळ्यांचा. मुंबईचा जुना व्यापारी मण २८ पौंडांचा. दोन्हींत जवळजवळ तिप्पट फरक आहे. मुंबईच्या दलालाच्या पट्टीतला भाव सरकारी मणाचा समजून वाचलात, तर साखर तीनपट स्वस्त दिसेल. पुण्याकडच्या गुळाच्या पट्ट्यांत पल्ला येतो, तो १२० शेरांचा. पण तिथला शेर किती तोळ्यांचा, हे त्याच वहीत किंवा त्याच बाजाराच्या दुसऱ्या कागदात कुठेतरी लिहिलेलं असतं. ते सापडेपर्यंत पल्ल्याचा भाव दुसऱ्या कशाशी जोडू नका.

हंड्रेडवेटवरचा दर सरकारी मणावर आणायला एक सोपी युक्ती आहे. ३६ ने गुणा आणि ४९ ने भागा. हे गुणोत्तर नेमकं आहे, अंदाजी नाही. १४५ आणे गुणिले ३६ म्हणजे ५२२०, भागिले ४९ म्हणजे सुमारे एकशे साडेसहा आणे. म्हणजे मणाला सुमारे रु. ६-१०-६.

हाती मराठी वही असेल तर आकड्याच्या पुढच्या उभ्या रेघांकडे लक्ष द्या. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘५।’ हे सव्वापाच आहे, एकावन्न नव्हे. शाई पसरलेली असली की ही रेघ हमखास एकासारखी दिसते. ओळीची बेरीज करून पाहिली की लगेच पकडता येतं.

दोन पट्ट्या शेजारी ठेवा

आता मूळ मुद्दा. जकात एकटी वाचायची नाही. परदेशी साखरेवर काय आकारलं आणि देशी कारखान्यातल्या साखरेवर काय आकारलं, या दोन्हींची वजाबाकी म्हणजे संरक्षण.

मार्च १९३१ मध्ये आयात दर हंड्रेडवेटला ७-४-० झाला. हा तेव्हा महसुलासाठीच होता. सप्टेंबर १९३१ च्या अखेरीस सरकारने तिजोरीची तूट भरून काढायला त्यावर चौथाईचा अधिभार लावला. सात रुपयांची चौथाई १-१२-०, चार आण्यांची एक आणा, एकूण १-१३-०. ७-४-० मध्ये ती मिळवली की ९-१-०. एप्रिल १९३२ मध्ये साखर उद्योग संरक्षण कायदा आला आणि टॅरिफ बोर्डाच्या (उद्योगाला संरक्षण द्यावं का, हे तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या) शिफारशीप्रमाणे ७-४-० हा दर संरक्षक ठरला. अधिभार तसाच चालू राहिला. देशी साखरेवर तेव्हा काहीच शुल्क नव्हतं. म्हणून १९३२ चं संरक्षण पुरतं ९-१-०.

त्यानंतर कारखाने भराभर उभे राहिले. १९३१-३२ मध्ये देशभरात तीसच्या आसपास कारखाने होते, ते तीन हंगामांत सव्वाशेच्या पुढे गेले. जावाची साखर येणं आटलं आणि सरकारचं आयातीवरचं उत्पन्नही आटलं. ही भरपाई करायला १ एप्रिल १९३४ पासून कारखान्यातल्या साखरेवर हंड्रेडवेटला १-५-० उत्पादन शुल्क बसलं. खांडसरीला (जुन्या देशी पद्धतीने केलेल्या साखरेला) कमी दर, दहा आणे. गुळाला काहीच नाही. आयात दराची मांडणीही बदलली: ७-१२-० संरक्षक आणि १-५-० उत्पादन शुल्काइतका. बेरीज पुन्हा ९-१-०. बंदरावरचा आकडा तोच राहिला, पण ९-१-० मधून १-५-० वजा केले की संरक्षण उरतं ७-१२-०.

फेब्रुवारी १९३७ च्या अखेरीस उत्पादन शुल्क २-०-० झालं आणि आयात दर ९-४-०. वजाबाकी करा: ७-४-०. जकात तीन आण्यांनी वाढली आणि संरक्षण आठ आण्यांनी घटलं. वहीत तीन स्तंभ करा: आयात, उत्पादन शुल्क, फरक. तिसऱ्या स्तंभाखेरीज पहिल्याबद्दल एक वाक्यही लिहू नका.

तारखाही नीट टिपा. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च, गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात संपणारा. १९३७ चा बदल ऐन हंगामात आला. त्या हंगामाला एकच दर लावला तर आधी गळलेल्या साखरेवर चुकीचं शुल्क चढतं.

साखरेवरून उसावर, उसावरून एकरावर

१९३४ चं संरक्षण ७-१२-० म्हणजे १२४ आणे. मणाला ९१.१ आणे, म्हणजे रु. ५-११-१. आता साखर उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून किती टक्के साखर निघते ते, लागेल. उतारा दहा टक्के असेल तर एक मण साखरेला दहा मण ऊस लागतो, म्हणून मणभर उसामागे संरक्षण ९ आणे १ पै. नऊ टक्के उतारा धरला तर ८ आणे २ पै. एका टक्क्याने मणामागे जवळजवळ आणा हलतो. म्हणून उतारा पुस्तकातून उचलू नका, त्याच कारखान्याचा त्याच हंगामाचा घ्या. दख्खनचा उतारा उत्तरेपेक्षा चांगला असे. बिहारचा आकडा दख्खनमधल्या बेलापूरच्या कारखान्याला लावणं ही नेहमीची चूक आहे.

एकराचा हिशेब असा: समजा एकरी ४० टन ऊस आणि ११ टक्के उतारा. साखर ४.४ टन, म्हणजे ८८ हंड्रेडवेट. १९३२ च्या दराने ८८ गुणिले ९-१-० म्हणजे रु. ७९७-८-०. १९३४ च्या दराने रु. ६८२. १९३७ च्या दराने रु. ६३८. हे ४० आणि ११ उदाहरणापुरते आहेत, तुमच्या कारखान्याचे घाला.

यात दोन खाचा आहेत. एक, आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. त्याचं एकरी उत्पन्न वर्षाचं समजून बारा महिन्यांच्या पिकांशी ताडलं तर ऊस फुगतो. रक्कम महिन्यांनी भागून मग तुलना करा. दुसरी, कालव्यावरची ब्लॉक पद्धत. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर घालून दिलेल्या या पद्धतीत ब्लॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावरच ऊस घ्यायचा, बाकीवर हंगामी पिकं, आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं पाण्याची हमी. म्हणून शेतकऱ्याच्या नावावर बारा एकरांचा ब्लॉक दिसला तर ऊस चार एकरच धरा.

हा आकडा वरच्या मर्यादेचा आहे

वर निघालेले ६८२ रुपये कोणाच्याही हातात रोख पडलेले नाहीत. परदेशी साखर जास्तीत जास्त एवढ्याने महाग होत होती आणि तेवढी जागा देशी साखरेला मोकळी होती, इतकाच त्याचा अर्थ. देशातलं उत्पादन गरजेच्या खाली होतं तोवर भाव बंदरावरच्या जावा साखरेला धरून चालत. १९३६-३७ पर्यंत कारखाने सुमारे अकरा लाख टन साखर काढू लागले आणि गिरण्या आपसांतच भाव पाडू लागल्या. त्यापुढे जकातीचा बराच भाग भावात उतरतच नाही. त्यातच १९३७ च्या आंतरराष्ट्रीय साखर कराराने हिंदुस्थानला ब्रह्मदेशाखेरीज समुद्रमार्गे साखर पाठवता येईना, त्यामुळे जादा माल घरातच राहिला. म्हणून १९३६ नंतरच्या वर्षांसाठी ही पायरी गाळू नका: मुंबईतला देशी साखरेचा घाऊक भाव आणि जकातीसह जावा साखरेची बंदरावरची किंमत शेजारी ठेवा. देशी भाव त्यापेक्षा जितका खाली, तितकी जकात निकामी.

कोणाच्या पदरात पडलं, हे दख्खनमध्ये कसं शोधायचं

उत्तर प्रदेश (तेव्हाचे संयुक्त प्रांत) आणि बिहारमध्ये कारखाने शेतकऱ्यांचा ऊस विकत घेत. म्हणून तिथे १९३४ चा ऊस कायदा महत्त्वाचा: त्याने प्रांतिक सरकारांना उसाचा किमान भाव ठरवता आला. तिथे अभ्यास करायचा असेल तर किमान भावाची अधिसूचना शोधा आणि वरच्या ९ आणे १ पैशी ताडा.

दख्खनमध्ये ही रीत चालत नाही, आणि इथेच बऱ्याच अभ्यासांची गाडी रुळावरून उतरते. हरेगावची बेलापूर कंपनी काय किंवा कळंबजवळचं वालचंदनगर काय, मोठे कारखाने मुख्यतः आपल्याच शेतांवरचा ऊस गाळत. ही जमीन बहुतांश खंडाने घेतलेली. विकत घेतलेल्या उसाचा भावच नसेल तर तो शोधून काय मिळणार? तिथे तीन गोष्टी शोधा: एकरी खंड, पाणीपट्टी आणि मजुरी. संरक्षण वाढलं तेव्हा खंड वाढला का? करार किती वर्षांचे होते? वीस-तीस वर्षांचा करार १९३२ च्या आधी झाला असेल, तर जमीनमालकाला संरक्षणाचा लाभ जवळजवळ नाही. करारावरची तारीख म्हणूनच रकमेइतकी मोलाची.

छोट्या बागायतदाराचा हिशेब गुऱ्हाळातून जातो. तो ऊस चरकात घालून काहिलीत गूळ करी आणि ढेपा पेठेत पाठवी. गुळावर शुल्क नव्हतं, पण जकातीचं थेट संरक्षणही नव्हतं. साखर महाग झाली की गुळाला थोडा आधार मिळे, एवढाच संबंध. पुण्याच्या पेठेतले गुळाचे भाव १९३२ च्या आधीचे आणि नंतरचे काढा. ते साखरेसारखे चढले नसतील, तर त्या बागायतदाराच्या नावावर संरक्षणाची रक्कम मांडू नका.

कागद कुठे मागायचे

मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात मागणी चिठ्ठीवर खातं, वर्ष, खंड क्रमांक आणि कम्पायलेशन (खंडातल्या प्रकरणाचा) क्रमांक लागतो. खंडाच्या आत वेगवेगळी प्रकरणं बांधलेली असतात, म्हणून नुसता खंड क्रमांक पुरत नाही. उद्धृत करतानाही चारही लिहा, नाहीतर पुढच्या माणसाला तेच प्रकरण पुन्हा मिळत नाही. पाणीपट्टी आणि ब्लॉक हे विषय महसूल खात्यापेक्षा सार्वजनिक बांधकामच्या पाटबंधारे शाखेत सापडतात. तगाईच्या, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेल्या सरकारी कर्जाच्या, नोंदी मात्र महसुलात. त्या वाचताना १८८३ च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्याखालची तगाई आणि १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्याखालची वेगळी ठेवा. पहिली विहीर-बांधासारख्या कायमच्या कामाला, दुसरी बी-बैलांना. दोन्हींची बेरीज करून ‘उसासाठी सरकारी मदत’ असं लिहिणं चूक आहे.

एक सापळा नक्की लक्षात ठेवा. मुंबई सरकारचं अबकारी खातं म्हणजे दारू, ताडी, अफू. साखरेचं उत्पादन शुल्क मध्यवर्ती सरकारचं होतं, त्यामुळे त्याचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावे लागतात. त्यातले बरेच ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. मुंबईत अबकारीच्या यादीत साखर शोधत दोन दिवस घालवू नका.

आणि शेवटी गावाचं नाव नकाशावर तपासा. १९३४ चा उत्पादन शुल्क कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नीरेच्या उजव्या कालव्याचं पाणी फलटण संस्थानातही जात होतं, आणि कोल्हापूरचं तर राज्यच वेगळं. अशा ठिकाणच्या कारखान्याला खालसातला (ब्रिटिश मुलखातला) स्तंभ जसाच्या तसा लावण्याआधी त्या दरबाराचा स्वतःचा हुकूम काय होता, तो पाहा.