इंटर्न पीएचसीत आला की त्याला डॉक्टर कसं करायचं

मेडिकल किंवा मेयो ह्या नागपूरच्या सरकारी कॉलेजांमधून इंटर्न, म्हणजे एमबीबीएसनंतरचं सरावाचं वर्ष करणारा पोरगा, आला की बहुतेक पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, त्याच्या हातात आधी बीपीचं मशीन दिलं जातं आणि मग रजिस्टर. तो बीपी मोजतो, आकडे भरतो, शेवटच्या दिवशी पूर्णतेच्या कागदावर सही घेतो आणि नागपूरची बस धरतो. वर्ष-दीड वर्षात तोच पोरगा बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, कुठल्यातरी केंद्रात रात्री एकटा उभा असतो. समोर बाळंतीण असते किंवा साप चावलेला माणूस, आणि विचारायला कुणी नसतं.

मी अठरा वर्षांपासून नागपूर जिल्ह्यात मेडिकल ऑफिसर आहे, सध्या रामटेकच्या बाजूला. सरकार इंटर्नला स्टायपेंड देतं, २०२१ च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिपच्या वर्षातले १२ आठवडे पीएसएमला, म्हणजे समाजात जाऊन शिकायच्या विषयाला, देतं. गावपातळीवरचा डॉक्टर तयार करायला सरकारी पैशातून मिळणारा एवढा मोठा सलग वेळ दुसरा नाही. तो वाया जाऊ द्यायचा नसेल तर काय करायचं, हे माझ्यासारख्याच मेडिकल ऑफिसरांसाठी लिहिते आहे.

सुरुवात क्वार्टरच्या कडीपासून करा. खोलीला आतून लागणारी कडी, चालू नळ, स्वच्छ संडास आणि पंखा एवढं असेल तर पोरं राहतात. नसेल तर रोज नागपूरहून ये-जा करतात आणि दीड वाजला की त्यांचं लक्ष बसकडे असतं. मुलींचे आई-वडील तर पहिल्याच दिवशी खोली बघायला येतात आणि ते बरोबरच आहे. ओपीडी सकाळी संपते, पण शिकण्यासारखं बरंच काही संध्याकाळी पाचनंतर दारात येतं. म्हणून रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मी पहिला खर्च ह्या खोलीचा मांडला. सरपंचांना कारण समजावून सांगितलं, त्यांनी खळखळ केली नाही.

मग दुसरी खुर्ची. ती टेबलाच्या पलीकडे टाकू नका, तुमच्या शेजारी टाका, म्हणजे पेशंटचा चेहरा दोघांनाही सारखाच दिसतो. पहिला आठवडा इंटर्नने बघायचं. मात्र मी औषध लिहायच्या आधी प्रत्येक पेशंटला एक प्रश्न त्याने विचारायचा. दुसऱ्या आठवड्यापासून रोज दहा पेशंट त्याचे. ते दहा कोण, हे खिडकीवरच्या सिस्टर ठरवतात, कारण कुणाला दहा मिनिटं थांबायला जमेल हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ते दहा पेशंट होईपर्यंत मी तोंड उघडत नाही. बाहेर रांग असताना गप्प बसणं फार अवघड जातं, पण मी उत्तर दिलं की त्याचं डोकं चालायचं थांबतं, हे मी अनेकदा बघितलं आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. धानाच्या बांधीत निंदण करणाऱ्या एक आजी आल्या. “म्याडम, चार दिस झाले, ताप उतरूनच नाही राह्यला. अंग लय दुखते जी.” इंटर्नने मलेरियाची रॅपिड टेस्ट केली, ती निगेटिव्ह आली. त्याने पॅरासिटामॉल लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी फक्त विचारलं, “लुगड्याची गाठ कुठे असते?” सिस्टरना बोलावलं, पडदा ओढला. परकराच्या नाडीखाली, कमरेच्या घडीत, सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली होती. आजींना ती माहीतच नव्हती, कारण ती दुखत नाही. स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप. डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी आजी चालत दाखवायला आल्या.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हापासून ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या प्रत्येक तापाच्या पेशंटची काख, जांघ, छातीखालची घडी आणि कंबर बघितल्याशिवाय केसपेपर बंद करायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. खपली सगळ्यांना दिसतेच असं नाही, तरी बघायचं. बाईपेशंटला तपासताना सिस्टर किंवा आशाताई सोबत हवीच, हाही त्याच नियमाचा भाग. मोठ्या दवाखान्यात हा पेशंट इंटर्नपर्यंत येतो तेव्हा वर निदान लिहिलेलं असतं. निदान नसलेला माणूस समोर बसवून शिकवायची जागा पीएचसीच आहे.

सापाचं शिकवायला साप चावलेला पेशंट यायची वाट बघू नका. पहिल्याच आठवड्यात रक्त गोठतं का ते बघायची वीस मिनिटांची टेस्ट हाताने करून दाखवा. नवी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब घ्यायची. शिरेतून काढलेलं ताजं २ मिली रक्त तिच्यात घालायचं, घड्याळ लावायचं आणि ट्यूब हलवायची नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर ते गोठत नाही, म्हणजे घोणस, आमच्याकडे परड म्हणतात ती, असण्याची दाट शक्यता. रक्त गोठलं तरी निश्चिंत व्हायचं नाही, मण्यारीच्या दंशात रक्त गोठतंच. पापण्या जड होतात का, गिळायला त्रास होतो का, हे पुन्हा पुन्हा बघत राहायचं.

ट्यूब नवीच का, हे मी प्रत्येक इंटर्नला माझ्यावर बेतलेल्या प्रसंगातून सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका केंद्रात, रात्री शेतातून एका माणसाला आणलं. ट्यूब होती ती साबणाच्या पावडरने धुऊन ठेवलेली. वीस मिनिटांनी रक्त पातळच. पायाला सूज नव्हती, तरी मी ट्यूबवर विश्वास ठेवला आणि एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल सुरू केल्या. थोड्याच वेळात त्याच्या अंगावर गांधी उठल्या, बीपी पडलं. अॅड्रिनॅलिन दिलं, रात्रभर त्याच्या उशाशी बसले, तो वाचला. सकाळी त्याच्या भावाने मारलेला साप आणून दाखवला, ती बिनविषारी धामण होती. साबणाचा अंश राहिलेल्या ट्यूबमध्ये रक्त गोठत नाही, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आज आमच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये नव्या ट्यूबचं सील न फोडलेलं पाकीट असतं आणि महिन्याच्या एक तारखेला ते इंटर्न तपासतो. शेजारी अॅड्रिनॅलिन आहे का, त्याची मुदत संपली का, तेही तोच बघतो.

आठवड्यातून एक अख्खा दिवस उपकेंद्रात आणि घरोघरी जाऊ द्या, पण आशाताईंच्या मागे. पुढे चालला की तो भाषण देतो. आमच्याकडे सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय मिशन सुरू झाल्यावर शून्य ते चाळीस वयाच्या लोकांची तपासणी चालू झाली, त्यासाठीची रक्ताची पहिली, सोल्युबिलिटी टेस्ट इंटर्नही करतो. कार्ड हातात आल्यावर घरात काय होतं, ते मात्र ओसरीवर बसल्यावरच कळतं. एका घरी लेकीचं लग्न जुळत होतं. आईने कार्ड गव्हाच्या डब्यात लपवलं होतं. मुलगी वाहक होती, म्हणजे आजार पुढे मुलांकडे जाऊ शकतो, पण तिला स्वतःला आजार नव्हता, हा फरक इंटर्नने पाटीवर चार चौकोन काढून समजावला. होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी करून घ्यायला तो दोनदा परत गेला.

रेफर चिठ्ठीकडे फार कमी लोक लक्ष देतात. ‘पुढील उपचारासाठी’ एवढंच लिहून १०८ मध्ये बसवायचं नाही. काय दिसलं, काय दिलं, किती वाजता दिलं, तुमचा फोन नंबर. आणि दोन दिवसांनी इंटर्नने वॉर्डात फोन करून पुढे काय झालं ते विचारायचं आणि ‘पाठवलेले’ नावाच्या वहीत लिहायचं. आपलं निदान चुकलं होतं का, ते ह्या वहीइतकं दुसरं काहीच सांगत नाही. माझीही चुकलेली निदानं त्यात आहेत.

ह्यात कुणाला गावाकडची डॉक्टरकी आवडली, तर त्याला पुढची वाट सांगा. मुलांना वाटतं, एमडी मेडिसिन नाही मिळालं तर सगळं संपलं. फॅमिली मेडिसिनचा तीन वर्षांचा डीएनबी हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, २०२० पासून दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे. नोकरीत राहून पीजी करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये राज्यांना सेवेतल्या डॉक्टरांसाठी जागा ठेवायची मोकळीक दिली, आणि महाराष्ट्राने २०२२ मध्ये २० टक्के जागा ठेवल्या. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत स्वतः वाचायला लावा, ऐकीव माहितीवर फॉर्म भरू देऊ नका.

आता राहिलं वरच्यांकडे मागायचं. प्रशिक्षण वाढवायचं म्हटलं की सभागृहातली तीन दिवसांची कार्यशाळा वाढते. तिथे पीपीटी मिळते, पेशंट मिळत नाही. भोर समितीने १९४६ मध्येच समाजात काम करणारा डॉक्टर तयार करण्याची शिफारस केली होती. तसा डॉक्टर घडतो ओपीडीच्या टेबलापाशी, आणि तिथे शिकवणाऱ्याला वेळ लागतो. म्हणून अर्ज करताना ‘प्रशिक्षण वाढवावे’ असं मोघम लिहू नका. दुसऱ्या मेडिकल ऑफिसरचं रिकामं पद भरा, शिकवण्याचे रोजचे दोन तास ड्युटीत धरा, इंटर्नच्या खोलीसाठी वेगळा निधी द्या, ग्रामीण रुग्णालयात फॅमिली मेडिसिनच्या जागा मिळण्यासाठी प्रस्ताव पाठवा: ह्या चार मागण्या, प्रत्येक एका ओळीत. सोबत सहा महिन्यांचा हिशेब जोडा: किती इंटर्न राहिले, प्रत्येकाने किती पेशंट स्वतः बघितले, किती प्रसूतींना हात लावला, ‘पाठवलेले’ वहीत किती निदानं बरोबर निघाली. अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो, एक प्रत कॉलेजच्या पीएसएम विभागप्रमुखांना द्या, कारण इंटर्न त्यांचे असतात आणि त्यांचं पत्र सोबत असलं की फाईल हलते. बजेटची जुळवाजुळव सुरू व्हायच्या आत, दिवाळीच्या सुमारास पाठवा. पोच घ्या, आवक क्रमांक वहीत टिपून ठेवा आणि दर महिन्याच्या मीटिंगमध्ये त्याच क्रमांकाने विचारा.