हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बदललाय आणि दाढ काढायचीय? खुर्चीत बसायच्या आधी हे करा

राजारामपुरीतल्या आमच्या काकूंचा व्हॉल्व्ह मेटलचा, रात्री सगळं शांत झालं की शेजारी बसलेल्याला पण टिकटिक ऐकू येते. परवा दाढ ठणकायला लागली तर काकू थेट डेंटिस्टच्या खुर्चीत, ऑपरेशनचं अवाक्षर नाही, वर मलाच म्हणतात "दाढंचा नि काळजाचा काय संबंध?" आहे ना. हिरडी दुखावली की तोंडातले जंतू रक्तात जातात, धडधाकट माणसाला काही होत नाही पण ते कृत्रिम व्हॉल्व्हवर चिकटून वाढले तर जिवावर बेततं.

म्हणून काहींना दाताच्या कामाआधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात. पहिलं काम, आपल्याला तो लागतो का ते बघा. कृत्रिम व्हॉल्व्ह, हृदयाच्या आतल्या पडद्याला आधी झालेलं इन्फेक्शन, काही जन्मजात दोष (अंग निळं पडणारे वगैरे), मुख्यतः अशांनाच लागतो. नुसता स्टेंट, बायपास किंवा पेसमेकर असेल तर नाही, २००७ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने यादी बरीच आखडलीय. वाताच्या तापाने व्हॉल्व्ह खराब झालेल्यांनी मात्र आपल्या हार्टवाल्या डॉक्टरला विचारूनच ठरवायचं.

मग अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सांगा आणि डिस्चार्ज कार्डचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा दर एकवीस दिवसाला पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, औषध बदलावं लागतं.

मोठ्यांना साधारण अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार कॅप्सूल एकदम, काम सुरू व्हायच्या अर्धा ते एक तास आधी. अकराची वेळ असेल तर दहा ते साडेदहा. चिठ्ठी डॉक्टरचीच पाहिजे, मेडिकलमधनं मनानं आणून खायच्या नाहीत. विसरलात तर लगेच सांगा, नंतर दोन तासांपर्यंत घेता येतो. एकच डोस बरं का, पाच दिवसांचा कोर्स नाही! एक्स-रेला लागत नाही, एंडोस्कोपीला पण फक्त हृदयासाठी म्हणून लागत नाही. पित्ताशयाच्या वगैरे ऑपरेशनला सर्जन देतात ते जखमेसाठी, ते वेगळं.

रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, काकू तेच करणार होत्या.

आणि नंतर काही आठवड्यांत बारीक ताप, थंडी, रात्री घाम असं काही झालं तर घरातली उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका, आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) करायला सांगा, गोळी पोटात गेली की जंतू बरेचदा रिपोर्टमध्ये सापडत नाही.