चढाच्या शहरात मित्रांकडे जाताना
समुद्रकाठच्या डोंगराळ शहरात नकाशावर १ किलोमीटरवर दिसणारे मित्राचे घर प्रत्यक्षात १०० मीटर उंचावर असू शकते, म्हणून भेटीची वेळ ठरवताना अंतराबरोबर चढही विचारून घ्यावा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार ताशी ५ किलोमीटरच्या चालीत दर ६०० मीटर चढासाठी एक तास वाढवावा लागतो. म्हणजे अशा घरी पोहोचायला १२ नव्हे, तर २२ मिनिटे लागतील, आणि हातात सामान असेल तर (बहुधा असतेच) त्याहूनही अधिक. स्थळे पाहताना शक्यतो वाहनाने वर जाऊन पायी उतरावे. जमीन तापल्यावर दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा माथ्यावर जाताना पातळ जाकीट जवळ ठेवावे.