पोटरीत गोळा येतो? मग असं चाला

शंभर-दीडशे पावलं झाली की पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की सुटतो, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो. घरचे म्हणतात, वय झालं. बऱ्याचदा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. (कण्याच्या दुखण्यातही पाय भरून येतात, पण तिथं नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढं वाकावं लागतं.)

आधी डॉक्टर गाठा. ते घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबानं भागतात. उत्तर ०.९० किंवा त्याखाली आलं, तर पायाला रक्त कमी पडतंय. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्यानं हा आकडा फसवतो. चालणं वाढवण्याआधी हृदयही तपासून घ्या.

आता चालणं. सपाट रस्ता, मऊ बूट. पोटरी दुखायला लागली की लोक लगेच थांबतात. तुम्ही थांबू नका. असह्य दुखण्याला पाच गुण धरले, तर दुखणं तीन-चारपर्यंत चढू द्या, मग थांबा. पूर्ण ओसरलं की पुन्हा निघा. थांबण्यासकट ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, किमान १२ आठवडे. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर मात्र तिथंच थांबायचं.

दुखत असताना चालून पायाचं नुकसान होईल, ही भीती सगळ्यांनाच वाटते. खरं तर रक्त कमी पडल्यानं पोटरीचा स्नायूच बारीक झालेला असतो, त्यात चरबी शिरते, पेशींतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या मंदावतात. चालण्यानं सुधारतो तो मुख्यतः हा स्नायू. आलेल्या रक्तातला प्राणवायू तो नीट वापरू लागतो. म्हणून तीन महिन्यांनी घोट्याचा आकडा जागच्या जागी दिसला तरी हिरमुसू नका. तुम्ही विजेचे खांब मोजा. पहिल्या दिवशी तिसऱ्या खांबाशी गोळा आला, तर कॅलेंडरवर ३ लिहा. माझ्या मते घरच्या घरी याहून सोपं मोजमाप नाही.

बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालूच.

पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नका. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. झोपेतही पाय दुखायला लागला, जखम भरेना किंवा बोट काळं पडलं, तर चालणं थांबवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा. आणि पाय अचानक पांढरा, गार, बधिर झाला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच तासाला रुग्णालय गाठा.