नव्वद दिवस वहीत उतरवा

लांजा तालुक्यात अठरा वर्षं मी बिगारी काम करते. चिरा वाहते, रेती चाळते, माल कालवते. हे लिहिते आहे ते हजेरीत ज्यांचं नावच नाही अशा बायांसाठी.

बांधकाम कामगार मंडळ म्हणजे आपल्यासारख्यांना मुलांच्या शिक्षणाला, अपघाताला पैसे देणारं सरकारी मंडळ. त्याच्या नोंदणीला वय १८ ते ६० लागतं आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. दिवस आपले भरतातच. पण दिवाळीपासून मिरगापर्यंत आपण सात-आठ घरं फिरतो. इथे जोत्याचे सहा दिवस, तिथे पडवीचे चार. घरमालक मुंबईला, तो गणपतीत येणार. मग दाखला द्यायचा कोणी?

म्हणून साधी शंभर पानी वही घ्या. रोज हातपाय धुतले की तारीख, वाडी, घरमालकाचं नाव, काय काम केलं आणि मजुरी किती, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या. मुकादमाची सही मात्र शनिवारीच घ्यायची, तो पैसे मोजत असतो तेव्हा. तेव्हा तो नाही म्हणत नाही. सोमवारी गेलात तर ‘उद्या बघू’ ऐकून परत याल.

आणि तुमची ओळ वेगळी हवी. माझ्या पहिल्या वर्षी मुकादमाने आम्हा नवरा-बायकोला ‘जोडी’ धरलं आणि हजेरी एकट्या नवऱ्याच्या नावावर लावली. डोक्यावर ओला चिरा घेऊन फळीवर चढले मी, पण वर्षभराचे माझे दिवस कागदावर कुठेच नव्हते. त्याचं मंडळाच्या नोंदणीचं कार्ड झालं, माझं राहिलं. माझ्या मनाला ते अजून लागतं.

दाखला कंत्राटदार देतो किंवा ग्रामसेवक. ग्रामसेवक कचरतात, कारण खोटे दाखले निघालेले आहेत. त्यांच्यापुढे सह्यांची वही उघडा आणि ज्यांच्या घरी काम केलं त्यांचे फोन नंबर द्या. सोबत आधार, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक, फोटो. अर्ज ऑनलाइन भरतात. हजार मागणाऱ्या एजंटाला काही देऊ नका. केंद्र सरकारचं ई-श्रमचं कार्ड वेगळं, ते असलं तरी ही नोंदणी करावीच लागते.

मागायला लाजू नका. १९९६ च्या कायद्यात ठरलं तसा बांधकामाच्या खर्चावर सरकार १ टक्का उपकर घेतं आणि तो आपल्यासाठीच मंडळाकडे जातो. पहिल्या दोन मुलांना सातवीपर्यंत वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,००० रुपये. कामावर अपघाती मृत्यू आला तर वारसाला ५ लाख. वारसाचं नाव अर्जात नीट घाला, आधारवर आहे तसंच. माहेरचं-सासरचं नाव जुळलं नाही की अर्ज अडकतो.

नूतनीकरण दरवर्षी असतं आणि त्यालाही पुन्हा ९० दिवस दाखवावे लागतात. तेव्हा कार्ड आलं म्हणून वही सोडायची नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा. आमच्याकडे एका पावसात कौल सरकलं आणि मार्चची अख्खी पानं शाई फुटून गेली.